आकडा आधी कोणी सांगायचा

जाहिरात अशी होती: "जुनी मोटारहोम विकणे आहे. चालू आहे. योग्य वाटेल ती किंमत घेणाऱ्याने सांगावी."

यातलं शेवटचं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. किंमत घेणाऱ्याने सांगावी म्हणजे काय? मग विकणाऱ्याने काय करायचं, बसून चहा प्यायचा? (पुढे त्याने नेमकं तेच केलं, पण ते क्रमाने येईल.)

माझी अडचण समजायची तर माझा धंदा सांगायला हवा. मी विमा कंपनीत नुकसानीचा सर्व्हेअर होतो. लोकांच्या गाड्या आपटायच्या, गोदामांत पाणी शिरायचं, दुकानं जळायची, आणि मग ते लोक कागदावर एक आकडा लिहून माझ्याकडे यायचे. तो आकडा मी कमी करायचो. झाली माझी नोकरी. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता हे मी बढाई म्हणून सांगत नाही, निरोप समारंभात साहेब स्वतः म्हणाले होते. जळालेला सोफा बघून तो जळायच्या आधीच किती झिजला होता हे मी सांगू शकतो. पण त्यासाठी समोरच्याने आधी आकडा टाकावा लागतो. आपण होऊन, हवेतून, कोरा करकरीत आकडा काढायचा हे मला कधी जमलं नाही. भाजीवाली "द्या काय द्यायचं ते" म्हणाली की मी मुकाट्याने पुढच्या गाडीकडे जातो.

आता मोटारहोमचं खूळ आमच्या घरात शिरलं कसं, तर हिच्या पाठीमुळे. ही म्हणजे माझी बायको. हिच्या मणक्याचं असं आहे की अर्धा तास बसली की चेहरा पांढरा पडतो आणि मग आडवंच व्हावं लागतं. आणि हिची थोरली बहीण राहते समुद्राकाठी, पार दुसऱ्या टोकाला. दिवसभराचा रस्ता. तिथे रेल्वे जात नाही आणि बसमध्ये आडवं पडलेल्या बाईकडे कंडक्टर दोन तिकिटं मागतो. मी म्हटलं, रुग्णवाहिका करू. त्यावर ही म्हणाली, "ताईच्या दारात मी रुग्णवाहिकेतून उतरले, तर तीच गाडी ताईला घेऊन परत जाईल."

दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात. लहानपणी आरसा कुणी फोडला हा खटला अजून चालू आहे. पण गेल्या काही महिन्यांत ताई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागल्या होत्या. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस त्यांनी फोनवर विचारलं, "कोण बोलतंय?" ही म्हणाली, "मी गं." ताई थोड्या वेळाने म्हणाल्या, "हां हां, तू होय." त्या मधल्या थोड्या वेळात हिचा चेहरा कसा झाला तो मी बघितला. फोन ठेवून ही म्हणाली, "ती मला ओळखतेय तोवर मला तिच्याकडे जायचंय." एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. दुसऱ्या दिवशी ही जाहिरात तिनेच कापून माझ्या चष्म्याच्या घरात ठेवली होती.

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती करायचीच नाही, हा एकच मार्ग आहे. दुपारपर्यंत शेजारचे निम्मेकाका आले. निम्मे हे त्यांचं आडनाव नव्हे. कुणी काहीही किंमत सांगितली की ते निम्मी म्हणतात, म्हणून ते निम्मेकाका. कपडे, फर्निचर, चष्मा, सगळं त्यांनी निम्म्यात घेतलंय असं ते सांगतात. आणि दुकानदार नाही म्हणतात म्हणून ते उठून निघतात, की ते उठून निघतात म्हणून दुकानदार हो म्हणतात, यात माझा नेहमी गोंधळ होतो.

"सोपं आहे सर्व्हेअरसाहेब," ते म्हणाले. "तो जे सांगेल त्याच्या निम्मं बोलायचं आणि फाटकाकडे चालायला लागायचं. हळू चालायचं. फाटकाला हात लागायच्या आत तो हाक मारतो."

"पण तो काही सांगतच नाहीये. आपणच सांगायचंय."

निम्मेकाकांनी जाहिरात दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसून तिसऱ्यांदा वाचली. "मग निम्मं कशाचं करायचं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका कापरा झालेला मी पूर्वी ऐकला नव्हता.

संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीची सूचना लागली: "सभासदांनी आवारात चाकं असलेली घरं उभी करू नयेत." सूचना सर्वांसाठी होती, असं सेक्रेटरी म्हणाले. आवारात सदतीस कुटुंबं राहतात. त्यांतली छत्तीस कुटुंबं चाकाचं घर घ्यायच्या बेतात आहेत असं मला तरी दिसलं नाही.

रविवारी आम्ही गाडी बघायला गेलो. मी, ही आणि निम्मेकाका. निम्मेकाकांना बोलावलं नव्हतं, पण ते खाली रिक्षाजवळ आधीच उभे होते. हिला मागच्या सीटवर आडवं व्हायचं होतं म्हणून निम्मेकाका आणि मी पुढे ड्रायव्हरच्या दोन बाजूंना चिकटून बसलो. दर वळणावर ड्रायव्हरला हँडल वळवायला आमच्या पोटांमधून जागा काढावी लागली.

गाडीचे मालक म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य. पांढरे केस, पांढरा शर्ट, हात इतके स्वच्छ की आपले हात आपण खिशात घालावेत. अंगणात ती गाडी उभी होती. दुधाळ रंग, कडेने तपकिरी पट्टा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आत दोन शेगड्या, हात धुवायचं इवलंसं भांडं, उघडलं की पलंग होणारं टेबल, आणि मागे एक संडास, ज्याचं दार उघडायला ते टेबल आधी बंद करावं लागत होतं. म्हणजे एकाने झोपायचं ठरवलं की दुसऱ्याने धीर धरायचा. आमच्या घरी अनेक वर्षं असंच आहे, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही.

जाताना मी हिला बजावलं होतं की काहीही झालं तरी चेहऱ्यावर आवडल्याचं दिसू द्यायचं नाही. ही आत चढली, टेबलाचा पलंग केला आणि सरळ आडवी झाली. डोळे मिटले. आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, माझी बघून झाली. घेऊन टाका."

निम्मेकाकांनी कपाळाला हात लावला. सौदा सुरू व्हायच्या आतच आमचा सेनापती शत्रूच्या पलंगावर झोपला होता.

तरी मी सावरून घेतलं. "डॉक्टर, तुमची अपेक्षा काय आहे?"

"छे, छे. तुम्ही सांगा."

"तसं कसं. गाडी तुमची."

"पण घेणार तुम्ही."

"तरी एक अंदाज?"

"अंदाज तुम्हीच करायचा आहे ना," डॉक्टर हसून म्हणाले. मग त्यांनी कारण सांगितलं. "आयुष्यभर मी लोकांना आकडे सांगितले. माणूस तोंड उघडून झोपलेला असायचा, मी आकडा सांगायचो आणि त्याचं तोंड खाडकन मिटायचं. एकदा तर माझं बोट आत राहिलं होतं. दवाखाना बंद केला त्या दिवशी ठरवलं, आता कुणालाही आकडा सांगायचा नाही."

आतून डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या. आम्ही चहा प्यायलो. पुन्हा मी म्हटलं, तुम्ही सांगा. पुन्हा ते म्हणाले, तुम्ही सांगा. दुसरा चहा आला. निम्मेकाका मध्येच उठून फाटकापर्यंत चालून आले, पण आकडाच कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे कुणी हाक मारली नाही आणि ते आपले आपण परत येऊन बसले. शेवटी येत्या रविवारी मी आकडा घेऊन यायचं असं ठरलं. ही पलंगावरून उठायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला उशी आणून दिली होती.

मी विचार केला, सरकारकडे काहीतरी आकडा असेलच. एकदा सरकारी आकडा हातात आला की मला कापायला काहीतरी मिळेल. म्हणून सोमवारी मी वाहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीत स्वयंपाकाचा ओटा आहे?"

"आहे."

"संडास?"

"आहे. टेबल मिटल्यावर."

"मग ते घर झालं. घरांचं मूल्यांकन पलीकडच्या इमारतीत."

पलीकडच्या इमारतीतले कारकून फार सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पेन दिलं आणि म्हणाले, "चतुःसीमा सांगा. घराच्या पूर्वेला काय?"

"सध्या डॉक्टरांचं कुंपण."

"सध्या म्हणजे?"

"म्हणजे गाडी वळवली तर ते पश्चिमेला जातं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मजला?"

"तळमजला. चढावर उभी असेल तर किंचित वर."

मी थट्टा करत नव्हतो, हे त्यांना शेवटी पटलं असावं, कारण त्यांनी मला मायेने पुन्हा वाहन कार्यालयात पाठवलं. तिथे त्या बाईंनी नाइलाजाने गाड्यांच्या वयाचा आणि किमतीचा छापील तक्ता काढला. पंधराव्या वर्षाला तक्ता संपत होता. डॉक्टरांची गाडी बावीस वर्षांची. पुढे काय, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पुढे कोरं आहे." म्हणजे सरकारचंही म्हणणं तेच होतं. तुम्हीच सांगा.

मग मी ओळखीचा एक मेकॅनिक गाठला आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवला. तो गाडीखाली गेला तो अर्धा तास बाहेरच आला नाही. अधूनमधून खालून नुसतं "हं" ऐकू यायचं, असं डॉक्टर सांगत होते. बाहेर आल्यावर त्याने मला फोन केला. मी विचारलं, इंजिन कसं आहे? तो म्हणाला, "चालेल." किती दिवस? "चालतंय तोवर चालेल." या मौलिक माहितीचे त्याने वेगळे पैसे घेतले.

आता सगळी भिस्त माझ्यावरच आली. रविवारी मी माझी जुनी सर्व्हेची बॅटरी घेतली, टोकदार स्क्रूड्रायव्हर घेतला, जुने बूट घातले आणि हिला नि निम्मेकाकांना घेऊन निघालो. मनाशी चार लाख धरले होते. का चार, ते विचारू नका. दाढी करताना सुचले. पण ठरवलं होतं की आधी गाडी नीट तपासायची, दोष मांडायचे, समोरच्याला जरा मऊ करायचं आणि मग तीनवर यायचं.

आणि इथेच माझा घात झाला. अंगात आलं माझ्या. निवृत्तीनंतर कितीतरी काळाने मला कुणीतरी काहीतरी तपासायला दिलं होतं. मी छतावर चढलो. सांध्यांमधलं रबर नखाने उचकटून दाखवलं. भिंतीवर बोटाने टकटक करून कुठे आवाज भरीव येतो आणि कुठे पोकळ, ते दाखवलं. पोकळ म्हणजे आतलं प्लायवूड ओलीने कुजलंय. टायरच्या बाजूच्या बारीक भेगा, पाण्याच्या टाकीखालचा गंज, खिडकीच्या कोपऱ्यातली पिवळी रेघ, काही म्हणता काही सोडलं नाही. निम्मेकाका मागून "अरे बापरे" म्हणत होते. प्रत्येक "अरे बापरे"ला माझ्या मते दहा-दहा हजार कमी होत होते.

डॉक्टर आत गेले आणि दात बघायचा छोटा गोल आरसा घेऊन आले. मी जिथे जिथे बोट दाखवलं तिथे तिथे त्यांनी तो आरसा घालून आत बघितलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीत घालून बघितलं. ते सहज आत गेलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"खोलवर गेलंय," ते म्हणाले.

"गेलंय ना," मी खूश होऊन म्हणालो.

"बाहेरून चकाकी, आत सगळं किडलेलं. आणि मला कळलंही नाही."

"होतं असं. आता हे सगळं धरून किंमत..."

"किंमत कसली, साहेब," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आरसा खिशात ठेवला. "वहिनींची पाठ अशी. वाटेत छत गळलं, टायर फुटला, तर? तुम्ही दाखवलंत म्हणून बरं झालं, नाहीतर माझ्या हातून पाप झालं असतं. ही गाडी मी तुम्हाला विकणार नाही. कुणालाच विकणार नाही. उद्या सकाळीच भंगारवाल्याला बोलावतो."

मी हसून म्हटलं, "अहो, एवढंही काही नाही." पण त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. मनापासून मानले. माझ्या अख्ख्या नोकरीत इतक्या चोख कामाबद्दल माझे कुणी आभार मानले नव्हते, आणि ते आजच मानायची काय गरज होती, हे मला कळेना.

ही सगळं गाडीच्या दारात उभं राहून ऐकत होती. तिच्या हातात मोजायची टेप होती. पडदे बदलायचे म्हणून ती खिडक्या मोजत होती. तिने टेप गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि रिक्षात जाऊन आडवी झाली. उतरताना निम्मेकाकांनी रिक्षाचं भाडं निम्मं न करता दिलं, आणि हे त्यांच्या बाबतीत मी प्रथमच पाहिलं.

घरी आल्यावर हिने फोन लावला. मी स्वयंपाकघरात उगाच ग्लास धूत होतो. "नाही गं, या वेळी नाही जमत," ही म्हणत होती. "गाडी मिळत होती, पण ती चांगली नाही निघाली. हो. हे बघून आले ना. यांना कळतं त्यातलं." ते शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिने ते खरंच मानून म्हटलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं. ग्लास मी तीन वेळा धुतला.

सकाळी चहा न घेताच मी बाहेर पडलो. जिन्यात निम्मेकाका पायमोजे घालत बसले होते. "मला वाटलंच तुम्ही जाणार," ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात भंगारवाला आलेला होता. धिप्पाड माणूस, कानामागे पेन्सिल. तो गाडीच्या अंगावर थापा मारत होता आणि प्रत्येक थापेगणिक काहीतरी वाईट बोलत होता. "पत्रा पातळ. लाकूड गेलेलं. हे बघा डॉक्टर, ओल."

"ही ओल नाही," मी फाटकातूनच म्हणालो. "आत स्वयंपाक केला की वाफ धरते. ती वाळते."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "पण काल तुम्हीच म्हणालात..."

"काल मी बाहेरून बघत होतो. आणि या टायरच्या भेगा वरवरच्या आहेत. उन्हाने पडतात. माझ्या टाचांना पण आहेत, म्हणून मी काय फुटलो का?"

भंगारवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. आपल्यापेक्षा वरचढ भंगारवाला आलाय अशी त्याची समजूत झाली असणार. त्याने घाईघाईने पेन्सिल काढून तळहातावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "नव्वद हजार. आत्ता उचलतो."

आणि मग माझ्या तोंडून जे निघालं त्याला मी जबाबदार नाही. आठवडाभर मी एका आकड्यासाठी वणवण केली होती. शेवटी एकदाचा कुणीतरी माझ्यासमोर आकडा टाकला होता. तीस वर्षांची सवय. जीभ आपोआप हलली.

"बहात्तर," मी म्हणालो.

भंगारवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांनी सवयीने आत वाकून बघितलं. आणि निम्मेकाका, ज्यांनी जन्मात कधी निम्म्याच्या वर तोंड उघडलं नव्हतं, ते माझा दंड धरून जिवाच्या आकांताने ओरडले, "दुप्पट! साहेब, दुप्पट म्हणा!"

"एक लाख ऐंशी," मी म्हणालो.

भंगारवाल्याने पेन्सिल कानामागे ठेवली. "दोघं वेडे आहेत," तो डॉक्टरांना म्हणाला आणि आपल्या टेम्पोत जाऊन बसला, पण गेला मात्र नाही. पुढे काय होतं ते बघायला थांबला.

डॉक्टर म्हणाले, "साहेब, हा पैशांचा प्रश्नच नाही. तुम्ही कितीही द्या. मी जाणूनबुजून कुजलेली वस्तू माणसाच्या हातात देणार नाही."

माझ्याकडे आता युक्ती उरली नव्हती, त्यामुळे मी जे होतं ते बोललो. "डॉक्टर, हिच्या बहिणीला विसर पडायला लागलाय. हिला अजून ओळखते. पुढच्या वर्षी ओळखेल की नाही मला माहीत नाही. आम्हाला जन्मभर गाडी नकोय. एकदा जायचंय. काल मी ते दोष दाखवले ते खरे होते. पण ते मी भाव पाडायला दाखवले. मला दुसरं काही येतच नाही हो."

बोलल्या त्या डॉक्टरीणबाई. इतका वेळ त्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, कारण या घरात माणसं दिसली की चहा होतोच. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्याकडे एखादी म्हातारी यायची, पुढच्या आठवड्यात नातीचं लग्न आहे, एवढा दात तेवढा टिकवा म्हणायची. तिला तुम्ही काय सांगायचात? उपटून टाकतो म्हणायचात?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "भरून द्यायचो."

"मग भरा की."

डॉक्टरांनी गाडीकडे बघितलं. आरसा काढला, एका सांध्यात घालून पुन्हा बघितलं, आणि या खेपेला त्यांचा चेहरा वेगळा होता. "साफ करून, कुजकं खरवडून, भरलं तर," ते स्वतःशीच म्हणाले, "दोन वर्षं खेचेल. पण भरणार मी स्वतः. दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार नाही. आणि टायर नवे घालायचे."

"मंजूर. साडेतीन लाख," मी एका दमात म्हणालो. एकदा सुरुवात झाली की आकडे येतात, असं मला त्या दिवशी कळलं.

"काहीतरीच काय," डॉक्टर चिडले. "एवढी कीड असताना? दोन."

"दोनमध्ये मी घेणार नाही. सव्वातीन तरी घ्या."

"सव्वादोन. त्याच्यावर एक पैसा नाही."

"डॉक्टर, तुम्ही मला फुकट देताय. तीन."

"अडीच. नाहीतर मी बोलावतो त्याला परत," डॉक्टरांनी टेम्पोकडे बोट दाखवलं. टेम्पोतून भंगारवाल्याने नमस्कार केला.

निम्मेकाकांची अवस्था बघवत नव्हती. विकणारा भाव पाडतोय आणि घेणारा चढवतोय हे बघून ते कुंडीच्या कठड्यावर बसले होते. अचानक ते उठले. "तीन आणि अडीच," ते म्हणाले. "मधलं अंतर निम्मं करा."

पावणेतीन. दोघांनीही मान डोलावली. निम्मेकाकांचा निम्म्याचा सिद्धांत माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच चालला, आणि तेव्हापासून ते हा सौदा आपणच केला असं सांगतात.

पुढचे काही आठवडे डॉक्टर त्या छतावर पालथे पडून सांधे भरत होते. शेजारी डॉक्टरीणबाई ट्रेमध्ये अवजारं घेऊन उभ्या. काम संपल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बजावलं की दोन तास गाडीत काही कडक ठेवू नका. सोसायटीत गाडी लावू देईनात, म्हणून निघायच्या दिवशीपर्यंत ती डॉक्टरांच्याच अंगणात राहिली. निघताना गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर आणली, तेव्हा सेक्रेटरी स्वतः आले, आत डोकावले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने मिळेल का म्हणून हळूच विचारून गेले.

प्रवासाचं काय सांगू. मी चालवत होतो आणि ही मागे आडवी पडून छताकडे बघत मला रस्ता सांगत होती. "आता डावीकडे नदी असेल," म्हणायची. नदी उजवीकडे निघायची. चढावर गाडी इतकी हळू चालायची की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वर थांबून आमची काळजीने वाट बघितली. पण छत गळलं नाही. टायर फुटला नाही. आणि अख्ख्या दिवसात हिचा चेहरा एकदाही पांढरा पडला नाही.

ताई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना सकाळपासून सांगून ठेवलं होतं. ही उतरली. ताईंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. मी स्टिअरिंग धरूनच बसलो, मला खाली उतरायचा धीर होईना.

"आलीस का," ताई म्हणाल्या. "आरसा तूच फोडला होतास."

मग त्या दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, आणि मीही आत बसून डोळे पुसून घेतले. हिने ताईंना हात धरून गाडीत चढवलं. टेबलाचा पलंग केला आणि दोघी शेजारीशेजारी उशांना टेकून अर्धवट आडव्या झाल्या. ताईंनी शेगडी बघितली, पडदे बघितले, भिंतीवर बोटाने टकटक केली. ती टकटक बघून मला घाम फुटला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "कितीला घेतलीत, भाऊजी?"

"पावणेतीन लाखांना."

"फसलात," ताई म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "या खटाऱ्याचे एवढे द्यायचे असतात का? कुणीतरी गंडवलं तुम्हाला."

मी सगळा इतिहास सांगितला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला. चहा झाला. समुद्रावरून वारा आला. ताईंनी पडदा सारखा केला, शेगडीवरून हात फिरवला आणि कौतुकाने म्हणाल्या, "छान आहे हो गाडी. कितीला घेतलीत, भाऊजी?"

हिने माझ्याकडे बघितलं. मीही हिच्याकडे बघितलं. काही उपाय नव्हता. आणि मग माझ्या अंगात जे मुरलेलं आहे तेच बाहेर आलं.

"सव्वादोन," मी म्हणालो.

"जरा जास्तच झाले," ताई म्हणाल्या. पण चेहरा मघापेक्षा बरा होता.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पावणेदोन म्हणालो. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. दिवे लागायच्या सुमाराला परत विचारलं, तेव्हा मी सव्वा लाखावर आलो होतो, आणि ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "वा, भाऊजी. याला म्हणतात व्यवहार. आमच्या घरात एकतरी माणूस हुशार आला." त्या इतक्या खुशीत हसल्या की त्यांना ठसका लागला. हिने त्यांची पाठ चोळली, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली,

"अहो, उद्या अजून थोडी कमी करा. तिला आवडतंय."